बोलकं पाणी

शेषेरावांच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर पोरं, भिंतीखाली म्हातारे, गोठ्याच्या दाराशी बायका आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून मोबाईल वर धरलेले दहा-बारा तरणे गडी. मधोमध चौरंगावर व्यंकटी महाराज. त्यांच्यासमोर एक पांढरीशुभ्र परात आणि परातीत पाणी. नितळ, बिनवासाचं, साधंसुधं दिसणारं पाणी.

"हे पाणी बोलतंय, अम्मा!" महाराज गरजले. आपण तेलंगणातून आलो असं ते सांगत, म्हणून वाक्याच्या शेवटी एक 'अम्मा' चिकटवत. "मी नाही बोलत. मी मुका. ज्याच्या पोटात जळणं हाय, त्याच्या हातातून ह्या पाण्यात रगत निघतं. डॉक्टरच्या मशीनला जळणं दिसतं का? एक्स-रेत येतं का?"

"न्हाई!" गर्दी ओरडली.

"सोनोग्राफीत येतं का?"

"न्हाई!"

"ह्या पाण्यात येतं, अम्मा!"

मुका माणूस पाऊण तास बोलत होता आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आठवडाभरात महाराजांनी अर्धापूरच्या आसपासच्या तीन गावांत पाच बायका पकडल्या होत्या. कुणाची म्हैस आटली, कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या केळीच्या घडावर डाग पडले. आणि दर वेळी घरातल्या नाहीतर शेजारच्या एका बाईचा हात परातीत लालभडक झाला. पाणी बोलायचं ते बायकांबद्दलच. पुरुषाला हात घालायला कुणी सांगितलंच नव्हतं.

परातीसमोर पहिल्या रांगेत पुनम बसली होती. शेषेरावांची धाकटी सून. सतरा दिवसांनी ती नांदेडच्या दवाखान्यातून अर्ध्या दिवसापुरती घरी आली होती. तिकडे तिची चार वर्षांची समीक्षा आजीच्या, म्हणजे पुनमच्या आईच्या, हवाली होती.

झालं होतं असं. शेतात हळद शिजवणं चाललं होतं. ड्रममधली हळद शिजली की खालचं उकळतं पाणी बाजूच्या खड्ड्यात सोडतात. समीक्षा आणि तिच्याच वयाचा चुलतभाऊ विराज त्या खड्ड्याभोवती शिवणापाणी खेळत होते. विराज उडी मारून पलीकडे गेला. त्याच्यामागे समीक्षानं उडी मारली, ती आत पडली. गुडघ्यांच्या वरपर्यंत दोन्ही पाय भाजले.

विराज पुनमच्या थोरल्या जावेचा, वर्षाराणीचा मुलगा. त्याला साधा शिंतोडाही लागला नाही.

पुनमला त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नव्हतं. दोघंही एकाच घरातली, एकाच खड्ड्यापाशी खेळणारी, मग माझीच का? वॉर्डात पट्टी बदलताना समीक्षा किंचाळायची, तेव्हा पुनमच्या डोळ्यांपुढे विराजचे पाय यायचे. धुळीनं भरलेले, धावणारे, धडधाकट. वर्षाराणी रोज डबा पाठवायची. पुनम तो उघडायचीसुद्धा नाही, शेजारच्या कॉटवरच्या बाईला देऊन टाकायची. फोनवर मागून विराजचं हसू ऐकू आलं की फोन कापायची. वर्षाराणी आत्ता घरी आपल्या अंथरुणावर पडली असेल, पोरगं तिच्या कुशीत असेल, एवढं मनात आलं की तिला घास गिळवत नसे. इतका हेवा तिनं जन्मात कुणाचा केला नव्हता.

डॉक्टर मृण्मयी मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "मंगळवारी मांडीची कातडी घेऊन पायावर बसवू. उशीर झाला तर जखमा चिघळतील, पाय आखडतील. पोरीला नीट चालायचं असेल तर मंगळवार चुकवू नका." पुनमनं मान हलवली, पण सही केली नाही. एवढं भाजलेल्या लेकराची उरलेली चांगली कातडी कापायची, हे तिच्या जिवाला पटेना. तेवढ्यात सासूबाईंचा, साखराबाईंचा फोन आला. "महाराज म्हणून राहिले, चाकू लावू नका. नजर कुणाची ते सापडलं की कातडी आपसुक धरंल. तू ये बरं."

खरं सांगायचं तर पुनम कातडीसाठी आली नव्हती. ती नाव ऐकायला आली होती. आणि नाव कुणाचं निघावं, ते तिनं येताना एसटीतच ठरवून टाकलं होतं.

"घरातल्या बायका पुढं!" महाराजांनी हुकूम सोडला.

चेल्यानं प्रत्येकीच्या हातावर आधी साधं पाणी ओतलं. पहिल्या साखराबाई. दम्यामुळे त्या हंगामभर हळदीच्या धुळीजवळ फिरकत नसत, दिवसभर माळ घेऊन देव्हाऱ्यापुढे. त्यांनी परातीत हात घातले. काही नाही. मग पुनम. काही नाही.

"आई ती आई!" महाराजांनी डोळे पुसले. "पाण्याला कळतंय, अम्मा!"

शेवटी वर्षाराणी. तिनं पदर खोचला आणि दोन्ही हात पाण्यात बुडवले. क्षणभर तसंच. मग नखांच्या कडांतून, बोटांच्या पेरांतून, तळव्याच्या भेगांतून लाली वर आली. बघता बघता हात रक्तात भिजल्यासारखे दिसू लागले.

"अगं माय वं!" गोठ्याच्या दारातून आवाज उठला. ट्रॉलीतले मोबाईल पुढे झुकले.

महाराजांनी तिचे हात उंच धरून चारी दिशांना दाखवले. मग एक लिंबू चिरून तळव्यांवर पिळलं, तशी लाली विरली. "लपलं बघा! लिंबाला घाबरून आत पळालं! अम्मा, ही बाई घरात हाय तवर त्या लेकराच्या पायाला कातडी धरणार नाही. सूर्य मावळायच्या आत हिला माहेरी पाठवा. आणि पोरीला उद्याच घरी आणा. चाकू लागला तर पाय गेले म्हणून समजा!"

थोरला मुलगा बजरंग, वर्षाराणीचा नवरा, खाली मान घालून उभा राहिला. धाकटा सुदर्शन, समीक्षाचा बाप, किल्ली शोधू लागला. "मी गाडी काढतो. उद्या कशाला, आजच आणतो पोरीला."

आणि पुनम? पुनमला आनंद झाला. लपवायचं कशाला, सतरा दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. आता वर्षाराणीही रडेल. आता तिचंही घर मोडेल. आता दोघी सारख्या.

वर्षाराणी मात्र रडली नाही. ओल्या हातांकडे बघत म्हणाली, "मी कशाला जळू वं? माझं लेकरू धड हाय. जळायचं तर..."

तिनं पुनमकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

जळायचं तर जिचं लेकरू भाजलं तिनं. वर्षाराणीनं गिळलेलं वाक्य पुनमला पूर्ण ऐकू आलं. तिला तिसऱ्या दिवसाची पट्टी आठवली. समीक्षाचा आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडत होतं. तेव्हा पुनम मनात स्पष्ट शब्दांत बोलली होती, देवा, विराज पडला असता तर तुझं काय बिघडलं असतं? एकदा नाही, तीनदा. दुसऱ्याच्या चार वर्षांच्या पोरासाठी उकळतं पाणी मागितलं होतं तिनं. आणि हे पाणी तिच्या हाताला गप्प बसलं?

ती उठली.

"महाराज, माझा हात परत बघा."

"तुझा हात साफ हाय, अम्मा."

"तेच इचारते. साफ कसा?"

"आईची माया..."

"माया कळती का जळणं कळतंय तुमच्या पाण्याला? एक काय ते ठरवा." पुनम आणखी एक पाऊल पुढे आली. "ह्या घरात जळणारी मी हाय. सतरा दिवस जळून राहिले. ताईचं पोरगं पळतंय म्हणून जळते. त्यो पडायला पाह्यजे होता, माझी न्हाई, असं म्हणलंय मी. देवाला म्हणलंय! तुमचं पाणी खरं असतं तर माझ्या हातानं परातच लाल झाली असती."

साखराबाई पुटपुटल्या, "येड लागलं का हिला?"

पुनमनं वर्षाराणीचे हात ओढून आपल्या हातांशेजारी धरले. लिंबू पिळल्यावर वर्षाराणीचे तळवे पिवळेधमक दिसत होते. पुनमचे पांढरेफटक. माघ सरता सरता त्या गावात पांढरा हात शोधून सापडत नाही. काढणीपासून हळद घरोघर, हातोहात असते, आणि सगळ्यांचेच हात पिवळे म्हणून ते कुणाला दिसतही नाहीत. पुनमनं मात्र सतरा दिवस हळदीला शिवलं नव्हतं.

"मामा," ती सासऱ्याकडे वळली, "तुमचा हात घाला पाण्यात."

"पुरुषांचा चालत नाही, अम्मा!" महाराज परात ओढू लागले.

पण शेषेराव पुढे आले होते. सकाळपासून वाळत टाकलेली हळद वरखाली करून आलेला माणूस. त्यांनी मनगटापर्यंत हात बुडवले. वर्षाराणीपेक्षा गडद लाल.

"म्हंजे मामांनी लावली का नातीला नजर?" पुनमनं गर्दीला विचारलं.

म्हातारा त्या लाल हातांकडे बघतच राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "नजर कुणाची न्हाई, पोरी. खड्ड्यावर पत्रा टाकायचा मी इसरलो. सतरा दिवस सांगाया तोंड न्हवतं."

मग ट्रॉलीतून एक गडी उतरला, त्यानं हात बुडवला. लाल. दुसऱ्यानं बुडवला. लाल. पाणी आता भलतंच बोलकं झालं होतं. केळीच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर तेवढा कोरा निघाला.

"अगं बायांनो," पुनम गोठ्याच्या दाराकडे ओरडली, "हळदीचं लुगडं साबणानं धुताना काय होतं?"

"लाल होतंय की!" चार-पाच जणी एकदम बोलल्या आणि बोलता बोलताच त्यांच्या तोंडाचा आ झाला. दर हंगामात मोरीवर लालेलाल पाणी सांडणाऱ्या बायका त्या! पण मोरीवरचं लाल ते साबणाचं, आणि चौरंगापुढचं लाल ते रक्त, असं त्यांनी बिनतक्रार मानलं होतं.

"पण ह्या पाण्याला साबणाचा वास न्हाई," बजरंग म्हणाला. तो आता मान वर करून बोलत होता.

तेव्हा भिंतीखालच्या म्हाताऱ्यांतून पुढे आले बसलिंगप्पा. साठ वर्षं तंबाखू मळणारा माणूस. त्यांनी परातीत बोट बुडवलं, जिभेच्या शेंड्याला लावलं आणि थुंकले. "च्या मायला, चुना हाय हा! चुना कालवून रातभर ठिवला आन् वरचं नितळ पाणी काढलं. माझ्या जिभंला शिकवतो का?"

एवढंच होतं ते. चुन्याच्या निवळीत हळद लाल होते, लिंबाच्या आंबटानं पुन्हा पिवळी. ना त्यात जळणं, ना नजर, ना रक्त. हळदीच्या गावात हळदीच्या हंगामात परात मांडायची, की राबणारी बाई पकडली जाणार आणि बसून असलेली सुटणार. महाराज "पाणी बाटलं, अम्मा" म्हणत उठले. चौरंग तसाच टाकून चेल्याच्या मोटारसायकलवर बसताना मात्र त्यांची मराठी एकदम अस्सल झाली होती. "चल लवकर, मार किक!" पुढच्या गावात परात मांडायच्या आत ट्रॉलीतल्या पोरांचे व्हिडिओ तिथं पोचले होते, हे बरं झालं.

गर्दी पांगली. पुनम वर्षाराणीसमोर उभी राहिली. तिनं विचारलं, "ताई, तुमच्या हाताला इतकी हळद? आपल्या तर कामाच्या पाळ्या हायेत ना?"

"तुझ्या पाळीला दुसरं कोण होतं?" वर्षाराणी म्हणाली. सतरा दिवस दोन बायकांचं काम एकटीनं केलं होतं तिनं, आणि त्याचाच रंग तिच्यावर आळ घेऊन उठला होता.

"ताई, मी विराजबद्दल लई वंगाळ..."

"ऐकलं मी. समद्या गावानं ऐकलं." वर्षाराणीचे डोळे आता भरले. "माझ्या लेकराचं नाव परत तसं घेऊ नको. माफ करंन का न्हाई, आत्ता सांगता येत न्हाई. आधी दवाखान्यात चल. सही करायची हाय तुला."

पुनमनं सही केली. मंगळवार चुकला नाही.

वाचकहो, हेवा सगळ्यांच्या पोटात असतो. तो कुणाच्या कातडीला डाग पाडत नाही आणि कुणाच्या लेकराला खड्ड्यात ढकलत नाही. ढकलतो तो उघडा राहिलेला खड्डा. म्हणून खड्डा झाका. लेकरू भाजलं तर आधी त्यावर साधं गार पाणी धरा, वर काही लावू नका आणि दवाखाना गाठा. डॉक्टरांनी दिलेला दिवस कुणाच्या परातीसाठी सोडू नका. आणि पाणी बोलतं असं कुणी म्हणालं, तर त्यात काय कालवलंय ते आधी विचारा. विचारण्यानं कुठला देव रागवत नाही. रागवतो तो परात मांडणारा.

पाच दिवसांनी पट्टी सोडायची होती. मॅडमनी शेवटचा थर उचलताना समीक्षा घाबरून ओरडली आणि तिनं हात पुढे केला तो "मोठी आई!" म्हणत वर्षाराणीकडे. पुनमच्या काळजात चटकन कळ उठली. आई मी, आणि हात तिला? ही जळजळ तिच्या चांगल्या ओळखीची झाली होती. ती तशीच राहू देऊन पुनम बाजूला सरकली, वर्षाराणीला कॉटवर बसायला जागा करून दिली आणि खाली वाकून पाहिलं. दोन्ही पायांवर कातडी धरली होती.