शून्य सेंटिमीटर

मला आधी स्वतःची किळस आली आणि मग उंदराची. हा क्रम मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण आमच्या घरात ही गोष्ट जो तो उंदरापासून सुरू करतो.

इलेक्ट्रॉनिक्स मी शिकले वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. क्लास नाही, मास्तर नाही. बंद पडलेले मिक्सर उघडायचे, मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि बोटं भाजून घ्यायची, एवढंच. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी माझं टेबल आहे, त्याला सासूबाई ‘हिचा दवाखाना’ म्हणतात. वायरी जोडायला सोल्डरिंग करताना राळेचा धूर नाकात जाऊन जाऊन माझं नाक जवळपास मेलंय. नवऱ्याचं नाक बारा महिने चोंदलेलं. म्हणजे घरात चालू स्थितीतलं नाक एकच होतं, आणि ते एकोणऐंशी वर्षांचं होतं.

गच्चीवर पाण्याची टाकी आहे. पंप बंद करायला आम्ही विसरायचो आणि टाकी वाहायची. पाणी किती आहे ते बघायला लोखंडी शिडीवर चढून झाकण फिरवायला लागायचं, आणि हे काम माझ्या गुडघ्याच्या वाट्याला आलं होतं. म्हणून मी अल्ट्रासॉनिक सेन्सर आणला. काड्यापेटीएवढी पट्टी, तिच्यावर दोन चंदेरी डोळे. डोळे कसले, एक तोंड आणि एक कान. तोंड आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतं, तो पाण्यावर आपटून परत येतो, कान तो पकडतो. जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. विहिरीत हाक मारावी आणि ती किती वेळाने परत येते त्यावरून पाणी किती खाली आहे ते ओळखावं, तसं.

झाकणाच्या आतल्या बाजूला तो पक्का बसवला. वायरीसाठी झाकणाला भोक पाडायला हवं होतं, पण नवंकोरं झाकण भोसकायला जीव होईना. वायर कडेने बाहेर काढली. त्यामुळे झाकण शेवटचा आटा घेईना आणि बोटभर फट राहिली. बोटभर तर फट, असं म्हणून मी शिडी उतरले.

खाली फ्रिजवर छोटी स्क्रीन ठेवली. पाणी किती सेंटिमीटर खाली आहे तो आकडा, आणि सगळं ठीक असलं की हिरवा दिवा. पहिले पंधरा दिवस मी येताजाता त्या दिव्याकडे नव्या सुनेसारखी लाजून बघायचे.

मग आकडा मधेच शून्य दाखवायला लागला. शून्य आलं की दिवा लाल व्हायचा आणि बझर कोकलायचा. बहुतेक सकाळी, नवरा नाश्त्याला बसलेला असताना.

“तुझ्या पोपटाला गप्प कर बाई,” तो म्हणाला. “घास घशात अडकतोय.”

मी प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या. शून्य आलं तर ते धरायचं नाही, आधीचाच आकडा दाखवायचा. छंदवाले सगळे असंच करतात. स्वस्तातला सेन्सर कधीतरी बरळतोच, त्याचं न पटणारं बोलणं गाळून टाकायचं. पोपट गप्प झाला.

त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “पाण्याला वास येतोय.”

“कसला?”

“कुजका. गोडसर. अगं, तोंड धुवायला घेतलं आणि ओंजळ तशीच टाकून दिली.”

मी नळ सोडून हुंगलं. काही नाही. नवऱ्याने हुंगलं, त्याला तर काय, कांदाही कळत नाही. आमचं प्यायचं पाणी फिल्टरचं. सासूबाईंना ते बेचव लागतं, त्या थेट नळाचं पितात. दुसऱ्या दिवशीही त्या तेच म्हणाल्या, तिसऱ्या दिवशीही. आंघोळ टाळायला लागल्या. भात बाजूला सारायला लागल्या.

“एकदा टाकीत बघून ये ना,” त्या मला म्हणाल्या.

आणि मी काय केलं? फ्रिजवरची स्क्रीन उचलून त्यांच्या नाकासमोर धरली. “हे बघा आई, हिरवा दिवा. टाकी ठीक आहे. वर चढायला लागू नये म्हणून तर हे बसवलंय.”

त्या बिचाऱ्या यंत्राला फक्त अंतर कळतं, पाणी स्वच्छ की घाण ते त्याच्या बापालाही कळणार नाही. हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याला म्हाताऱ्या बाईविरुद्ध साक्षीला उभं केलं.

दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंनी गॅस चालू ठेवला होता. एकदा शेजारणीचं नाव विसरल्या होत्या. नवऱ्याने ते दोन आणि हे तिसरं जोडून डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, या वयात नसलेले वास येतात, भासच असतो तो. त्याने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी सासूबाईंची जीभ कोरडी पडायची, म्हणून त्यांना आणखी पाणी प्यायला सांगितलं. त्यांचं पोट बिघडलं, तर तेही मनाचंच ठरलं.

मग नवऱ्याने शहराबाहेरचा वृद्धांसाठीचा एक निवास शोधला. बाग आहे, नर्स आहे, खिडकीतून झाडं दिसतात. सोमवारी खोली बघायला जायचं आणि आवडली तर सामान ठेवूनच यायचं, असं ठरलं. आवडली तर, हे आपलं म्हणायचं. बॅग शुक्रवारीच भरून झाली होती. ती भरली मीच.

शनिवारी जेवताना सासूबाईंनी पेला उचलला आणि आमच्याकडे बघत सगळा रिकामा केला.

“आज वास नाही,” त्या म्हणाल्या. “काल पण नव्हता.”

“बघ!” नवरा मला म्हणाला. “गोळ्या लागू पडल्या.”

“मग सोमवारचं?” त्यांनी विचारलं.

“खोली तर बघून येऊ, आई. बघायला काय जातंय?”

त्या पेला पालथा घालून उठल्या.

रविवारी सकाळी मी खिडकीपाशी, माझ्या ‘दवाखान्यात’ बसले होते. मन लागेना म्हणून स्क्रीनचं डबडं उघडलं. आतल्या मेमरी कार्डवर गाळण्याआधीचे सगळे आकडे साठलेले असतात, ते लॅपटॉपवर उघडले. एकेचाळीस, चाळीस, शून्य, शून्य, शून्य, अडतीस. वायर सैल असती तर शून्यं कुठेही, कशीही विखुरली असती. ही मात्र घोळक्याने यायची. पंप सुरू झाला की पाच-दहा मिनिटांनी, दोन-तीन मिनिटं टिकायची आणि जायची. सैल वायर अशी वेळ पाळत नाही. टाकीत पाणी पडलं की पाणी फिरतं. आणि पाण्यावर काही असलं तर तेही फिरतं.

शिकत होते तेव्हा मी हा सेन्सर घरभर रोखून बघितला होता. भिंत दिसली, कपाट दिसलं, नवऱ्याचं टक्कल दिसलं. फक्त लोकरीची शाल दिसली नाही. मऊ, केसाळ गोष्ट आवाज पिऊन टाकते, परत काही येत नाही, आणि सेन्सर म्हणतो शून्य.

मी लॅपटॉप मिटला. मऊ आणि केसाळ.

शिडी चढताना गुडघ्याची आठवणसुद्धा झाली नाही. झाकण फिरवलं आणि माझं मेलेलं नाक एका क्षणात जिवंत झालं.

तो पालथा तरंगत होता. फुगून दुप्पट झालेला, कातडी राखाडी-पांढरी, पाठीवरचे केस झडून पाण्यावर पसरलेले. पाण्यावर तेलकट साय. शेपूट मात्र जशीच्या तशी होती, तिचीच मला जास्त शिसारी आली. वायरीच्या फटीत काळ्या केसांचे दोन-तीन पुंजके अडकले होते. आत यायची वाट मीच करून दिली होती. मी शिडीला धरून गच्चीवर ओकले. ओकून चूळ भरायला टाकीच्या नळाकडे हात नेला, आणि पुन्हा ओकले.

नवऱ्याला वर बोलावलं. त्याने डोकावलं आणि तोंडावर रुमाल धरला. आम्ही दोघं न बोलता दात घासणं आठवत होतो. गुळण्या. चहा. धुतलेले तांदूळ. मी खाली जाऊन फिल्टर खोलला, तर आतल्या कापसावर बारीक केसांचं अस्तर. म्हणजे केस आणि वास फिल्टरने ठेवून घेतला, आणि बाकीचा उंदीर आम्ही प्यायलो.

नवऱ्याने तो काठीने बादलीत घेतला, वर पोतं टाकलं. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “हे बघ, प्लंबर बोलावून टाकी धुवून घेऊ. आईला सांगू नको.”

“का?”

“ती आता शांत आहे. वास नाही म्हणते. उगाच पुन्हा डोक्यात घेईल. उद्याचं तसंच ठेवू. आज ना उद्या न्यायचंच आहे तिला.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. चोवीस वर्षांचा संसार, वाईट माणूस नाही हा. थकलेला आहे. पण त्या क्षणी मला बादलीतला परवडला असता.

“अहो, त्यांना वास येत होता. खरा वास.”

“हो, पण गॅस?”

“गॅस मीसुद्धा दोनदा विसरलेय. मला कुठे ठेवणार?”

तो म्हणाला, “तू भांडायलाच बसलीस.” मी त्याला तिथेच सोडून खाली आले.

सासूबाई पलंगावर भरलेल्या बॅगेशेजारी बसल्या होत्या. मी जमिनीवर बसले. जे होतं ते सांगितलं. वायर, फट, शून्यं, मी गाळलेले आकडे. कमी केलं नाही, गोडही केलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “केवढा?”

मी हात करून दाखवला.

“आणि मी तो पीत होते.”

“आम्ही सगळेच, आई.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला वास येत होता.” त्यांनी पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. “वास नाही म्हणाले ना मी, ते खोटं होतं गं. काल सगळ्यात जास्त येत होता. म्हटलं, एक पेला घटाघटा प्यायला की हा मला घरी राहू देईल. श्वास धरून प्यायले.”

मी त्यांचे पाय धरले, तर म्हणाल्या, “हात धुतलेस का? मग लांब हो.”

नवरा दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“आई, आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ. पोटाचं...”

“जाऊ की. जाताना बाटली भरून घे टाकीतली. आधी डॉक्टरला पाज, मग मला तपासू दे.” त्या उठल्या. “ती बॅग रिकामी कर. माझी लुगडी जिथली तिथे. मग वर चल.”

“प्लंबरला फोन करतो.”

“प्लंबरची आई पाणी पीत नाही आपल्या टाकीतलं. तू घासायचीस.”

आम्ही टाकी रिकामी केली. नवरा पँट दुमडून आत उतरला, ब्लीचिंग पावडर आणि काथ्याचा ब्रश घेऊन. सासूबाईंसाठी मी प्लास्टिकची खुर्ची वर आणली, त्या टाकीला लागून बसल्या. मी शिडीवर, टॉर्च धरून. आत त्याच्या ओकाऱ्या घुमत होत्या.

एकदा घासून झाल्यावर त्याने फडकं बाहेर दिलं. सासूबाईंनी ते नाकाशी नेलं.

“येतोय.”

तो पुन्हा वाकला. दुपार टळत आली होती. दुसऱ्यांदा फडकं आलं.

“अजून येतोय. तळाला, कोपऱ्यात बघ.”

“आई, टाकी गोल आहे, कोपरा कुठला?”

“असेल तिथे घास.”

तिसऱ्यांदा फडकं माझ्या हातातून गेलं. जाताना मी ते हुंगलं, माझं नाक त्या दिवशी चांगलं चालत होतं. निव्वळ ब्लीचिंग पावडर होती, दुसरं काही नाही. सासूबाईंनी हुंगलं, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, “येतोय.”

आतून नवऱ्याचा दमलेला चेहरा वर झाला. तो आईकडे नाही, माझ्याकडे बघत होता. “खरंच येतोय का गं?”

“येतोय,” मी म्हणाले, आणि टॉर्च तळाकडे धरला.