पोळ्याला काढलेला पट्टा

एका खिळ्याच्या मुळाशी हळद अडकली होती. वाळून करकरीत झालेली, नखानं खरवडली की भुकटी होऊन तळहातावर पडणारी... आणि राजेश्री दाराच्या चौकटीत उभी राहून ती खरवडत होती, जणू सकाळच्या साऱ्या कामांत हेच एक काम तिच्या वाट्याला उरलं होतं. पट्टा पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्यातून कापलेला. जाड, काळा, आतून हात फिरवावा तर गुळगुळीत. बाहेरून मात्र बोटबोट लांब खिळे चहूकडे तोंड करून उभे. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडून तिनंच तो करून घेतला होता, आणि आखाड्यावर, त्यांच्या शेतातल्या घरी, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो मोठ्या कौतुकानं दाखवायची — धरू दे म्हणावं लांडग्याला आमच्या दफेदाराचा गळा, त्याचाच जबडा फुटतो की नाही बघा! आज तो पट्टा तिच्या हातात होता आणि दफेदार उजाडल्यापासून आखाड्यावर नव्हता.

चूक तिचीच होती, यात शोधायला काही नव्हतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिचा नवरा बालाजी बैलांचे खांदे मळत होता, ती लोणी-हळदीची वाटी धरून शेजारी उभी होती, आणि हे कुत्रं — मिशा पिळत गावात शिरणाऱ्या निजामाच्या काळातल्या कुण्या दफेदाराचं नाव सासऱ्यांनी ज्याला ठेवलं, ते हे सरकारी रुबाबाचं कुत्रं — बैलांच्या शेजारी येऊन बसलं, आता माझी पाळी म्हणून. तिला हसू आलं. गंमत म्हणून तिनं त्याचा पट्टा सोडला, आणि मग हसू गेलं. पट्ट्याखाली केस नव्हतेच. मानेभोवती सगळीकडून लाल, ओलसर कडं, घासून घासून सोललेलं. वर्षभर तो त्या कड्यासकट शेपूट हलवत होता, आणि आपण वरून खिळे मोजत होतो... वाटीतलं उरलेलं लोणी तिनं त्याच्या मानेला लावलं, बैलाच्या खांद्याला लावतात तसंच, हलक्या हातानं, हळद जिरेपर्यंत, आणि त्याच हळदीच्या हातानं पट्टा खुंटीला अडकवला.

"कुत्र्याची खांदमळणी!" ओसरीवरून सासू म्हणाली. धुरपताबाईंना दिसायचं कमी, पण आपल्या सुनेचा खुळेपणा तेवढा लांबूनही दिसायचा. "आता त्याला आवतण बी दे माय, न्हाई तर रुसंल."

राजेश्रीनं दिलंही. त्याच्या फाटक्या कानाशी वाकून ती म्हणाली, आज आवतण घे, उद्या जेवायला ये. आणि पोळ्याच्या दिवशी कुणाच्या मानेवर काही ठेवायचं नसतं, बैलांचं जू उतरतं तर यानंच काय घोडं मारलंय, म्हणून पट्टा खुंटीवरच राहिला. काल दफेदारानं दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, उघड्या मानेनं सगळ्या अंगणात लोळला. वेशीतली मिरवणूक आटपून सगळे थकून आले. पट्ट्याची आठवण कुणाला झाली नाही. तिला झाली होती. तिनं खुंटीकडे पाहिलंही होतं, आणि म्हटलं होतं, राहू दे, सकाळी.

"पट्टा घातला व्हता का?" सकाळी बालाजीनं विचारलं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे. "शेळ्यावाले सांगायलेत, लांडगं दिसलं म्हणून माळावर. मी वढ्याच्या अंगानं बगतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ती माळाच्या बाजूनं निघाली. पट्टा हातात घेऊनच.

"मंगीचं इसरलीस का?" मागून धुरपताबाईंचा आवाज आला. "लांडगं भांडायला येत न्हाई माय. खेळायला येतं. नाचतंय, लोळतंय, चल म्हणतंय. आन् दुसरं मागं बसलेलं आसतंय."

मंगी... दफेदाराची आई. कापूस वेचायच्या दिवसांतली ती टळटळीत दुपार. राजेश्री कमरेला ओटी बांधून वाकली होती, आणि पलीकडच्या बांधावर, धुऱ्यावर, मंगी कुणाशी तरी खेळत होती. किती छान खेळतायत दोघं, असं तिला वाटलं होतं, हे ती अजून कुणाला बोललेली नाही. कुणाचं कुत्रं आहे हे, म्हणून ती कपाळावर हात धरून बघत राहिली, आणि मग तरवडाच्या झुडपातून दुसरं उठलं. ती ओरडली, ढेकळं फेकली, धावली. ती पोचली तेव्हा धुऱ्यावर फक्त गवत दबलेलं होतं. त्यानंतर ती घिसाड्याकडे गेली होती.

सोयाबीन ओलं होतं, साडीचा काठ भिजून पायाला चिकटत होता. दफ्या, दफ्या... हाक मारावी आणि उत्तर येऊ नये, की हाकेचीच भीती वाटायला लागते. म्हणून तिनं हाका थांबवल्या. मनात मात्र ती त्याच्याशी बोलतच होती. सेलूसारख्या रेल्वेच्या गावातून ती या आखाड्यावर आली तेव्हा तिला सगळ्यात परका वाटला होता तो हा माळ. शेत कुणाचं ना कुणाचं असतं, ओढ्याचंही पाणी वाटून घेतलेलं असतं. पण माळाकडे बघून कुणी हे आमचं म्हणत नव्हतं. ती त्याच्याकडे पाठ करून भांडी घासायची. इतक्या वर्षांत माळ चढून वर ती कितीदा गेली असेल? आणि आज चढत होते मी, एका कुत्र्यासाठी, हातात खिळे घेऊन...

उंचवट्यावर आली आणि तिला गवताच्या वर दोन कान दिसले. सापडला! छातीतून असा काही श्वास सुटला की तिला बसावंसं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की दोन्ही कान सारखे आहेत. दफेदाराचा एक फाटलेला आहे.

ती जागच्या जागी थांबली.

लांडगा उभा होता. रंग माळाचाच, पाय उंच, पोट आत गेलेलं, आणि अंगावर कुठंही काहीही जास्तीचं नाही. कुत्रं उभं राहतं तेव्हा ते कुणाचं तरी असतं. त्याच्या उभं राहण्यातच कुणीतरी मागून हाक मारील याची वाट असते. हा कुणाचाच नव्हता. त्याच्याकडे पाहताना राजेश्रीला पहिल्यांदा कळलं की कुणाचंच नसणं म्हणजे अनाथ असणं नव्हे. त्याच्या समोर, दगड टाकला तर पोचेल एवढ्या अंतरावर, दफेदार होता. उघड्या मानेचा. पिवळी हळद उन्हात लांबून दिसत होती.

ओरड, तिनं स्वतःला सांगितलं. मंगीच्या वेळी ओरडली होतीस तशी ओरड, दगड घे, धाव... पण मंगीच्या वेळी उशीर झाला होता, आणि आता उशीर झालेला नव्हता, आणि आपल्या ओरडण्यानंच तो झाला तर? दफेदारानं पुढचे पाय पसरले, छाती जमिनीला टेकवली, मागचं अंग वर. आखाड्यावर वासराशी खेळताना करतो तेच. लांडग्यानं उडी मारली, बाजूला, हवेतच वळून, अगदी अलगद. मग दोघं धावले. मोठा फेरा घेऊन दफेदार पुढे आणि तो मागे, मग तो पुढे आणि दफेदार मागे. आणि एवढ्या धावण्यात भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, नुसता गवताचा आवाज. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला दफेदार इतका सुंदर धावतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

आणि मग तरवडामागून दुसरा लांडगा उठला.

आता. आता हे होणार. तिनं पट्टा मुठीत आवळला, आणि तळहातात खिळे रुतले तरी मूठ सैल झाली नाही. दुसरा चालत आला, घाई न करता, धावणारे दोघं थांबले, आणि दफेदार मधोमध सापडला. त्यानं शेपूट खाली घेतलं. तो थरथरत होता, हे तिला इतक्या लांबूनही दिसलं. पहिला त्याच्या जवळ आला. नाक त्याच्या खांद्याला लावलं, मग कानाला, त्या फाटक्या कानाला, आणि मग जबडा उघडला आणि मानेवर आणला. बरोबर तिथं, जिथं खिळे असायला हवे होते. दफेदारानं मान बाजूला वळवून दिली. सगळीच्या सगळी दिली.

लांडगा चाटत होता.

लोणी, हळद, पुरणाचा वास, की ते सोललेलं कडं... काय चाटत होता कोण जाणे. जीभ लांब होती आणि सावकाश फिरत होती, आणि त्या जिभेच्या दोन्ही बाजूंना दात होते. ते दात तिला स्वच्छ दिसत होते. माळावर वारा नव्हता. राजेश्रीला देवळातही कधी आली नव्हती अशी शांतता आली, आणि त्याच वेळी इतकं भय, की त्या दोहोंत फरक कुठं संपतो हे तिला सांगता आलं नसतं. मी हे बघतेय. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि मी हे बघतेय.

मग दुसऱ्यानं मान वर केली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. तिला पाहून त्याला आश्चर्य वाटलं नाही. कदाचित ती केव्हापासून उभी आहे हे त्याला माहीत असावं. ते दोघं वळले आणि उतारावरून चालते झाले. थोडं पुढे जाऊन पहिला थांबला, मागे बघितलं. दफेदार त्याच्या दिशेनं चार पावलं गेला. मग त्यानं वळून राजेश्रीकडे पाहिलं. तिनं हाक मारली नाही. आत्ता हाक मारणं म्हणजे लबाडी होईल, असं तिला का वाटलं, ते तिलाही कळलं नाही.

तो आला. सावकाश आला, पण आला.

घरी पोचल्यावर धुरपताबाईंनी त्याच्या अंगावरून हात फिरवला, एवढासा ओरखडाही लागेना तेव्हा म्हणाल्या, "नशीब लय चांगलं हाय बग तुज्या दफ्याचं. माळावर काय करायला व्हता?"

"खेळायला व्हता," राजेश्री म्हणाली. "लांडग्यासंगं."

म्हातारीचा हात थांबला. "आन् दुसरं?"

"व्हतं. आलं, आन् गेलं."

"आज गेलं," धुरपताबाई म्हणाल्या. "रोज जाईल का माय?"

याला उत्तर असतं तर दिवसभर भाकरी करताना, शेळ्यांना पाला टाकताना, तळहाताच्या टोचलेल्या जागांना पाणी लागून चुरचुरताना ते केव्हातरी सापडलं असतं. मंगीही खरी होती. धुऱ्यावरचं दबलेलं गवत खरं होतं. आणि आजची जीभही.

ऊन उतरलं तेव्हा ती पट्टा घेऊन ओसरीच्या पायरीवर बसली. आतून तिनं आपल्या जुन्या लुगड्याची मऊ घडी शिवून घेतली होती, म्हणजे कडं घासणार नाही. एवढं झालं की झालं, असं शिवताना वाटलं होतं. दफेदार आपणहून समोर येऊन बसला आणि त्यानं मान पुढे केली, तशीच बाजूला वळवून, सगळीच्या सगळी. मानेवरची हळद गेली होती. केस एका दिशेनं चाटून बसवलेले होते, अजून तसेच.

उद्या तो पुन्हा माळावर जाईल. पुन्हा ते नाक येईल, कानाला लागेल, आजची ओळख धरून जीभ बाहेर काढील... तिनं खिळ्यावर बोट ठेवलं. धरू दे म्हणावं लांडग्याला! किती लोकांना हसत हसत सांगितलं होतं मी. आणि पट्टा नाही घातला, आणि लांडगा भुकेला असला, तर?

"घातलास का पट्टा?" गोठ्यातून बालाजीनं विचारलं.

"घालायलेय," ती म्हणाली.

दफेदार मान देऊन बसला होता. शिवलेली घडी तिच्या मांडीकडे होती, आणि बाहेरचे खिळे उतरत्या उन्हात एकेक करून दिसत होते. तिचे हात त्या दोहोंच्या मधे पट्टा उघडा धरून होते, आणि तिचं लक्ष मात्र माळाकडे होतं, जिकडे पाठ करून बसायची सवय तिला आता राहिली नव्हती.