आर्डिस पर्यटक झाली तो दिवस

"काय देखणे दिसतात गं चौघेही!" आर्डिस म्हणाली.

समोर धुकं होतं. नुसतं धुकं. राशमोरच्या डोंगरात कोरलेले चार अमेरिकी राष्ट्राध्यक्ष त्याच्यामागे कुठेतरी असणार, पण एकाच्याही नाकाचा शेंडा दिसत नव्हता. शेजारी उभा असलेला एक आयोवाचा माणूस बायकोवर वैतागला होता. "दोन दिवस गाडी हाकली, ती ही पांढरी चादर बघायला?" बायको म्हणत होती, "धुकं मी पाडलं का?"

मी खो खो हसले. आर्डिसचे विनोद असेच असायचे, चेहऱ्यावरची रेषा न हलवता केलेले.

"लिंकनची दाढी जरा जास्तच वाढलीय," मी म्हटलं.

"हो ना. कापायला हवी," ती म्हणाली. पण हे म्हणायला तिनं एक क्षण जास्त घेतला, आणि माझा दंड घट्ट धरला. गार वारा होता, मला वाटलं थंडी वाजत असेल.

आर्डिस ट्वेटचं मोटेल या डोंगरांच्या पायथ्याशी होतं. नवरा मिल्टन गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं. मी तिच्याकडे खोल्या आवरायला म्हणून लागले, आणि पंचवीसेक वर्षं चादरी बदलता बदलता आम्ही मैत्रिणी कधी झालो ते दोघींनाही सांगता येणार नाही. रोज सकाळी कॉफी ओतताना ती पाहुण्यांना दिवस आखून द्यायची. "राशमोरला लवकर जा, सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं. मग अभयारण्याचा रस्ता धरा, जनावरं बघा. दुपारी सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावात जा, तिथं गोळीबाराचा खेळ असतो." पाहुणे संध्याकाळी परत येऊन जे सांगायचे, ते ती दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांना सांगायची. स्वतः मात्र कधी गेली नाही. हंगामात मोटेल भरलेलं, आणि हंगाम संपला की तिकडे सगळ्याला कुलपं. ते चार चेहरे तेवढे तिला ठाऊक, तेही वाण्याकडे जाता-येता रस्त्यावरून पाहिलेले.

या वसंतात तिनं मोटेल ओमाहाच्या एका जोडप्याला विकलं. ऑगस्टमध्ये एके दिवशी माझ्या दारात हजर. "लव्हॉन, उद्या मी पाहुणी आणि तू ड्रायव्हर. आल्याची बिस्किटं मी करते."

गाडी चालवणं तिनं गेल्याच वर्षी सोडलं होतं. कंटाळा येतो म्हणाली होती. खानावळीत गेलो की चष्मा घरी विसरलेली असायची, मग पदार्थांची नावं मी वाचून दाखवायची. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वय झालं की माणसं कंटाळतातच, चष्मेही विसरतात.

आम्ही अभयारण्यात शिरलो तोवर धुकं विरून गेलं. दोन्हीकडे पिवळं गवत आणि वर धुऊन काढल्यासारखं आभाळ. रस्त्यातच गाढवं उभी होती. ही गाढवं म्हणजे इथले टोलवाले. खायला दिल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. एकानं आर्डिसच्या खिडकीतून अख्खं डोकं आत घातलं.

"अगं बाई! याचे कान तर मिल्टनसारखेच आहेत गं," ती म्हणाली, आणि त्याच्या कपाळावर हात फिरवत एकेक बिस्कीट भरवत बसली. शाळकरी मुलीसारखी हसत होती. गाढवानं तिची बाही चाटली, मग डॅशबोर्ड, मग माझं नकाशाचं पान तोंडात धरलं.

"त्याला सांग, नकाशा लागणाराय!" मी ओरडले.

"रस्ता मला पाठ आहे. खाऊ दे."

थोडं पुढे गेल्यावर मी गाडी कडेला घेतली. काचेवर, दारावर, सगळीकडे लाळ. मी मागच्या सीटवरचं फडकं शोधत होते, तेवढ्यात आर्डिसचं दार उघडल्याचा आवाज झाला. मान वर केली, तर ती बिस्किटांचा डबा हातात घेऊन गवतातून निघाली होती.

"ये रे राजा, ये. तुलाही देते हं," ती लाडानं म्हणत होती.

समोर बायसन होता, इथला केसाळ रानगवा. नर. एकटा, खोलीएवढा, मानेवर जटा आणि त्यांत अडकलेली वाळकी काटकी. तो आधी चरत होता. आता चरत नव्हता. त्याची शेपूट हळूहळू वर उचलली जात होती, आणि शेपूट वर म्हणजे आता धावून येणार, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं.

ओरडायचं नाही, एवढंच मला सुचलं. मी गाडीतून उतरले आणि चर्चमध्ये बोलतात तसं हळू बोलले. "आर्डिस, थांब. मागे ये. ते गाढव नाहीय."

ती थांबली. "मग कोण आहे?" मोटेलच्या कचेरीच्या दारावर कुणी टकटक केलं की विचारायची, अगदी त्याच आवाजात.

तेव्हा मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं.

मी तिच्यापर्यंत कशी पोचले ते आठवत नाही. तिचं कोपर धरलं, आणि आम्ही दोघी उलट्या पावलांनी मागे सरकत गेलो. डबा तिच्या हातून पडला. बायसननं एकदा नाकातून फूत्कार सोडला. एक पाऊल पुढे टाकलं. मग बहुधा आम्हां दोघी म्हाताऱ्यांचा त्याला कंटाळा आला. खाली मान घालून तो डबा हुंगू लागला.

गाडीत बसून दारं लावली.

"कोण होतं?" तिनं विचारलं.

"बायसन."

तिनं खिडकीकडे कान केला. "बिस्किटं खातोय का?"

"मेली असतीस, आर्डिस! आणि तुला बिस्किटांचं पडलंय!"

"तसं नाही गं. आलं जरा जास्त झालं होतं."

मला रडू आलं आणि रडता रडता हसू आलं. ते ओसरल्यावर मी विचारलं, "किती दिसत नाही?"

"बघेन तिथं राखाडी डाग येतो," ती म्हणाली. "दीडेक वर्ष झालं. ज्याच्याकडे बघावं तोच नाहीसा होतो. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. म्हणून म्हटलं, या हंगामात सगळं बघून घ्यावं." मग तिनं विचारलं, "सकाळी राशमोरला चेहरे होते ना?"

"धुकं होतं. कुणालाच काही दिसत नव्हतं."

"खरंच?"

"शपथ."

"अरे देवा!" तिनं कपाळाला हात लावला. "मला वाटलं, आज डोळे पारच गेले. एवढ्या लोकांत गप्प उभं राहणं बरं दिसेना, म्हणून आपलं कौतुक केलं."

आम्ही इतक्या हसलो की मागून आलेल्या गाडीतली माणसं वळून वळून बघत गेली.

"क्रेगला सांगू नकोस," ती मग म्हणाली. क्रेग तिचा मुलगा, मिनियापोलिसला असतो. कधीपासून तिला घेऊन जायचं म्हणत होता. "तो उद्याच सामानाची गाडी घेऊन येईल."

आणि नेमका त्याचाच फोन वाजला. माझ्या फोनवर. आई उचलत नाही म्हणून हल्ली तो मलाच करायचा. का उचलत नाही, तेही मला आता कळलं होतं. फोन वाजत राहिला.

"मी खोटं बोलणार नाही," मी म्हटलं, "आणि तुझी चहाडीही करणार नाही. तूच बोल." मी बटण दाबून फोन तिच्या हातात दिला.

तिनं कोटाचा गळा सारखा केला. "क्रेग, मी बोलतेय. आत्ता मी एका बायसनला बिस्कीट द्यायला गेले होते... नाही रे, वेड नाही लागलं. दिसत नाही मला... हो. बरेच दिवस झाले." मग ती नुसती ऐकत राहिली. "रडतोस काय असा? मी काही मेले नाही. हे बघ, सप्टेंबरात ये. तोवर नको. तोवर माझ्या घरात मी आहे, आणि लव्हॉन आहे." माझ्याकडे तोंड वळवून तिनं भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "आहे."

सप्टेंबरात ती क्रेगकडे राहायला गेलीच. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी गाडी घराकडे वळवायला लागले, तर तिनं स्टिअरिंगवर हात ठेवला.

"सोन्याचं गाव राहिलंय."

"आता? एवढं सगळं झाल्यावर?"

"माझा पाहुणा अर्ध्यातून परत आलेला मला कधी खपला नाही."

मग सोन्याच्या गावातही गेलो. लाकडी फुटपाथवरून हातात हात घालून फिरलो. भर रस्त्यात दोन दाढीवाले बंदुका काढून भांडले, त्यांतला एक मेला आणि टोपी झटकून उठला. आर्डिसनं आवाजावरूनच ठरवलं की मेलेलाच जास्त चांगला नट आहे, आणि त्याला तसं सांगायला गेली. तो भलताच खूश झाला.

शेवटी ती जुन्या काळचे कपडे घालून फोटो काढतात त्या दुकानासमोर थांबली. आतल्या बाईनं आम्हां दोघींपुढे पिसांच्या टोप्या आणि झालरीचे झगे धरले. आर्डिसनं ते चाचपले आणि परत दिले.

"हे लव्हॉनला. मला शेरीफचा बिल्ला हवा."

तसंच झालं. मी लाल झग्यात पोट आत ओढून खुर्चीवर, आणि ती शेजारी उभी, छातीवर बिल्ला, हातात बंदूक.

"आजी, इकडे बघा. कॅमेऱ्यात," ती बाई म्हणाली. "नाही, थोडं उजवीकडे. सरळ... अजून सरळ."

"सरळ बघितलं की तू जातेस, बाळ," आर्डिस शांतपणे म्हणाली. "जरा बाजूला बघितलं तर कडेनं दिसतेस. केस तांबूस आहेत ना तुझे?"

बाईचा हात कॅमेऱ्यावरच राहिला.

"घे फोटो," मी म्हटलं. आर्डिसची मान वळली होती तिकडे मीही मान वळवली.

फोटोत आम्ही दोघी कॅमेऱ्याकडे बघत नाही. दाराकडे बघतोय, आत्ताच कुणी पाहुणा आत आल्यासारखं.