रिकाम्या खुर्चीचं मत

मी हात वर केला तो प्रश्न विचारायला. वर्गप्रतिनिधी नेमकं करतो काय, एवढंच मला विचारायचं होतं. पण सरांनी त्याआधी "कोण उभं राहतंय?" असं विचारलं होतं, आणि अख्ख्या वर्गात वर गेलेला हात माझा एकट्याचाच.

"वा काका! बिनविरोध!" सर म्हणाले. टाळ्या पडल्या. माझा प्रश्न घशातच राहिला.

संध्याकाळच्या वर्गाचं असंच असतं. दिवसभर कुठे ना कुठे राबून आलेली माणसं, त्यांना तास संपवून घर गाठायचं असतं. मी जन्मभर लोकांची घरं रंगवली. अक्षरओळख उशिरा झाली, विद्यापीठ त्याहून उशिरा. घाई नसलेला वर्गात मीच एक.

घरी सांगितलं तर बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, म्हातारपणी पुढारी? आता घरातही ठराव मांडाल."

"मांडतो की. चहाचा मांडतो."

"माझी हरकत आहे," ती म्हणाली, आणि आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थी संघाची खोली शोधत गेलो. सायकल स्टँडच्या मागे एक लांबट खोली. दाराशी बसका सोफा, कोपऱ्यात भोंगा, जमिनीवर कापडी फलक वाळत घातलेला. रंग इतका पातळ केला होता की अक्षरांना मिशा फुटल्या होत्या. अध्यक्ष म्हणजे एक उंच, हडकुळी मुलगी. तिला सगळे काडी म्हणत, आणि तीही ओ देई.

"संध्याकाळ विभाग?" तिने मला खालून वर पाहिलं. "आजोबा, खरंच? म्हणजे जिवंत माणूस आलं?"

"अजून तरी आहे," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. का हसली ते मला सभेत कळलं.

सभेच्या दालनात प्रत्येक वर्गाची एक खुर्ची होती, पाठीवर वर्गाच्या नावाची पाटी. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ठराव आला की चिटणीस एकेका वर्गाचं नाव घेई. माणूस असेल तर तो "बाजूने" किंवा "विरोधात" म्हणे. खुर्ची रिकामी असेल तर चिटणीसच तिच्याकडे बघून म्हणे, "हरकत नाही," आणि ते मत बाजूचं धरलं जाई.

मला मोठी गंमत वाटली. मी काडीला हळूच विचारलं, "खुर्ची बोलते?"

"काय करणार, आजोबा? ठराव व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि पोरं तर फिरकत नाहीत. मग साधा पाण्याचा नळ मागायचा तरी मागता येणार नाही. म्हणून हा नियम झाला. तुमची खुर्ची तर आमची सगळ्यात गुणी. आजवर कधी वाकड्यात शिरली नाही."

आजूबाजूची पोरं हसली. मीही हसलो. नियम असा कसा झाला, आधी कोणाला सुचला, कोणी अडवलं का, असं बरंच काही मनात आलं. पण पाण्याच्या नळाचं बोलणं सुरू झालं आणि ते राहून गेलं.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा आमच्या वर्गातली सिस्टर माझ्या बाकाशी येऊन उभी राहिली. ती नर्स. वर्गात धापा टाकत शिरायची आणि गणवेशातच बसायची, म्हणून सिस्टर.

"काका, तुम्ही प्रतिनिधी ना? माझी हजेरी कमी भरली. परीक्षेला बसू देत नाहीत. हजेरी समितीपुढे बोलावलंय, आणि सोबत संघाचा माणूस आणता येतो म्हणे."

"किती तास बुडाले गं?"

"एकच बुडतो. पण रोज बुडतो. पहिला. सहाला वॉर्डातून सुटते, तर इथे तास सहालाच सुरू. वर्षापूर्वी सातचा होता, तेव्हा मी हे बघूनच नाव घातलं." तिने आवाज खाली आणला. "ही परीक्षा दिली तरच मला वॉर्डप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. पुढच्या वर्षी ती जागा राहणार नाही."

मी काडीला सोबत घेतलं. वाटेत मी म्हटलं, "मी सांगतो सगळं. नवरा आजारी, घरी दोन पोरं, सासू..."

"नाही, काका," सिस्टर मध्येच म्हणाली. "घरचं काही काढायचं नाही. मला दया नको. वेळ बदलली, मला कोणी विचारलं नाही, एवढंच बोला."

मी काडीकडे पाहिलं.

"ती सांगेल तेवढंच," काडी म्हणाली. "तिच्या तोंडून निघालं नसतं ते आपल्या तोंडून निघायला नको. प्रतिनिधी म्हणजे तेच, आजोबा."

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं चालता चालता मिळालं.

समितीच्या मॅडम शांत बाई होत्या. सिस्टरचं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "पण वेळ आम्ही परस्पर बदललेली नाही. इमारत लवकर बंद करायची होती, म्हणून विद्यार्थी संघाला विचारलं होतं. संघाने ठराव करून होकार दिला. संध्याकाळ विभागाचंही मत बाजूने होतं."

"आमच्या विभागाचं?" मी म्हटलं. "कोणी दिलं?"

काडी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. मला नळाचा ठराव आठवला आणि खुर्चीकडे बघून बोलणारा चिटणीस.

"मी," काडी शेवटी म्हणाली. "मी तेव्हा चिटणीस होते. खुर्ची रिकामी होती. मी 'हरकत नाही' म्हटलं. ठराव तेवढ्या एका मताने झाला."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "हे तुमच्या सभेने म्हणायला हवं, तुम्ही एकटीने नाही. ती संमती खरी नव्हती असं सभेने ठरवलं, तर पहिला तास हजेरीतून वगळता येईल. सगळ्याच वर्गाचा. शुक्रवारपर्यंत सांगा. त्यानंतर परीक्षेच्या जागा लागतात."

बाहेर आल्यावर सिस्टरने डब्याची पिशवी सावरली. घड्याळ पाहिलं आणि ड्यूटीवर पळाली.

"रागावलात?" काडीने विचारलं.

"राग नाही आला. पण मला सांग, म्हणताना तुला काय वाटलं होतं?"

"काहीच नाही, आजोबा. तेच तर." तिचा चेहरा उतरला होता. "सवयीने म्हटलं."

गुरुवारी तातडीची सभा लागली. सिस्टर अर्ध्या दिवसाची रजा टाकून वॉर्डातून थेट आली आणि दाराबाहेर बाकावर बसली. ती सभासद असली तरी मत खुर्चीचं, म्हणजे माझं. मी उठून ठराव मांडला. आयुष्यात पहिल्यांदा. हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून खिशात घातले. रिकाम्या खुर्चीच्या नावावर दिलेली ती संमती आमची नव्हती, एवढंच मी बोललो.

चिटणिसाने नावं घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्गाचा मुलगा "बाजूने" म्हणाला. दुसरी खुर्ची रिकामी होती.

"हरकत नाही," चिटणीस म्हणाला.

"थांब," मी म्हटलं.

"का हो, आजोबा? तुमच्याच बाजूचं मत पडतंय की!"

"त्याचंच कुतूहल वाटतंय. रिकाम्या खुर्चीचं मत खरं नाही असं ठरवायचं, आणि तेही रिकाम्या खुर्चीच्याच मताने?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग हसू विरलं. काडीने उभं राहून नजरेने माणसं मोजली. "नुसती हजर माणसं धरली तर निम्मी भरत नाहीत. ठराव पडेल."

मी दाराकडे पाहिलं. सिस्टर फटीतून बघत होती. तिची जागा, तिचं वर्ष, सगळं त्या रिकाम्या खुर्च्यांवर टेकलं होतं. गप्प बसलो असतो तर काम झालं असतं. कसली अवदसा आठवली मला, असं वाटलं. पण बोललेले शब्द परत थोडेच गिळता येतात?

"सिस्टर," मी दारातून हाक मारली, "तुझं काम आहे. तू सांग. रेटून नेऊ का?"

ती आत आली. गणवेश, हातात डब्याची पिशवी. तिने त्या पाट्या लावलेल्या खुर्च्या एकेक करून पाहिल्या. आमची खुर्ची कुठली तेही पाहिलं. "यांची माणसं आहेत ना कुठेतरी?" ती म्हणाली. "वॉर्डात डॉक्टर जागेवर नसला तर आम्ही शोधून आणतो. त्याच्या खुर्चीकडून औषध लिहून घेत नाही."

काडीने टेबलावर हात आपटला. "सभा अर्धा तास तहकूब! चला, उचलून आणा एकेकाला!"

मग जी पळापळ झाली तिला तोड नाही. कोणी कॅन्टीनकडे सुटला, कोणी वसतिगृहाकडे. एक मुलगी ओल्या केसांनी आली आणि "आंघोळ तरी करू द्यायची होती!" म्हणत बसली. एकाला झोपेतून उठवलं होतं, त्याने शर्ट उलटा घातला होता. प्रयोगशाळेतून दोघं आले, त्यांना कसलासा वास येत होता. सगळ्यात शेवटी चिखलाच्या बुटांनी एक फुटबॉलवाला आला आणि आपल्या खुर्चीची पाटी वाचत म्हणाला, "अरे, ही माझी? मला वाटलं, ही मोडलेली म्हणून ठेवलीय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या खेपेला हात खिशाबाहेर होते. प्रश्न आले. उलट्या शर्टवाल्याने विचारलं, मग इमारत उशिरापर्यंत उघडी ठेवायची का? मी म्हटलं, ते पुढचं बोलणं, आज फक्त हजेरीचं. ओल्या केसांची म्हणाली, उद्या कोणीही उठून जुने ठराव उकरून काढेल. प्रश्न चांगला होता. काडी म्हणाली, "काढू देत. रिकाम्या खुर्चीवर झाले असतील तर काढायलाच हवेत."

नावं सुरू झाली. "बाजूने." "बाजूने." "विरोधात," ओल्या केसांची. मग फुटबॉलवाल्याच्या वर्गाचं नाव आलं. त्याने डोकं खाजवलं.

"विरोधात. आमच्यातल्या कोणाला मी विचारलेलंच नाही. न विचारता 'हो' कसं म्हणू?"

चिटणिसाने कपाळावर आठ्या घातल्या. मला मात्र त्या मुलाच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. ती खुर्ची पहिल्यांदाच "विरोधात" म्हणाली असेल.

आमच्या वर्गाचं नाव शेवटी आलं. "बाजूने," मी म्हटलं. ठराव निभावला, पण जेमतेम. सिस्टर दारात उभी होती. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खाली बसली, तिथेच, उंबऱ्यावर.

शुक्रवारी काडी स्वतः मॅडमकडे गेली.

परीक्षेच्या दिवशी सिस्टर माझ्या पुढच्या बाकावर होती. गणवेशातच. पर्यवेक्षक हजेरी घ्यायला लागले. तिचं नाव आलं तेव्हा ती इतक्या मोठ्याने "हजर!" म्हणाली की सगळ्यांनी माना वर केल्या.