जिपारचा नमदा

कनिशाय एजे आल्या की तेके-साय गावच्या शाळेतली घंटासुद्धा हळू आवाजात वाजते, असं पोरं म्हणायची. खोटं नव्हतंच ते! एजे म्हणजे थोरली ताई; बाईंना सगळी दरी त्याच नावानं हाक मारायची. पहिल्याच वर्षी त्यांनी शिपाईकाकांच्या हातून ती पितळी घंटा काढून घेतली, तिच्या लोलकाला लोकर गुंडाळली आणि वर मुख्याध्यापकांनाच सुनावलं, "ओमुरझाक, ही शाळा आहे, मेंढवाडा नाही. पोरांना बोलवायचंय, उधळायचं नाहीये."

ओमुरझाक दुसरीत असताना एजेंच्याच हाताखाली शिकलेला. आता पोट सुटलं, डोक्यावर दरीतली सगळ्यात उंच कल्पाक टोपी आली, तरी एजेंसमोर तो दुसरीतलाच.

"एजे, उद्या तुम्ही माझ्या घोड्याला मोजे घालाल."

"घालीन की. माप पाठव."

दरीतल्या शाळांमधली न ऐकणारी, न बोलणारी, न चालणारी, अक्षरं पाहून रडणारी सगळी मुलं एजेंच्या जबाबदारीवर होती. पदाचं नाव एका श्वासात म्हणता येणार नाही इतकं लांबलचक, आणि त्या पदाला मिळालेली जागा म्हणजे कोळशाची जुनी खोली. एजेंनी ती धुतली, चुन्यानं रंगवली, खिडकीला निळा पडदा लावला. शिक्षकांना समोर बसवून नियम सांगितले. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पुठ्ठ्यांवर चित्रं काढली होती. पहिला नियम असा की, मुलानं चित्र दाखवलं की मोठ्यांनी ऐकायचं. तिथल्या तिथे. पाण्याचं चित्र दाखवलं तर पाणी, दाराचं दाखवलं तर बाहेर.

"आणि ते 'नको'चं दाखवलं तर?" गणिताच्या सरांनी विचारलं. त्या चित्रात एक आडवा धरलेला तळहात होता.

"तर नको. ज्याच्या नकोला कुणी विचारत नाही, तो दुसरं काय करणार? चावणारच."

सगळ्यांच्या नजरा सरांच्या मनगटावर गेल्या. तिथे जिपारच्या दातांची खूण अजून निळी होती.

जिपार आठ वर्षांची. बोलायची नाही. कुणी अचानक हात लावला, भांडं पडलं, नेहमीची खुर्ची हलली की ती किंचाळायची, आणि जवळ जे मिळेल त्याला चावायची. आदल्या वर्षी शहरातून तपासणी मंडळ आलं, मंडळाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनाही तो प्रसाद मिळाला आणि शेरा पडला: घाटापलीकडच्या निवासी संस्थेत पाठवावी. एजे हटून बसल्या. "एक वर्ष द्या मला. पुढच्या वर्षी ही चावणार नाही, 'नको' म्हणून दाखवेल." मंडळानं वर्ष दिलं. म्हणजे जिपार आईजवळ राहणार की घाटापलीकडे जाणार, ते सगळं त्या आडव्या तळहातावर येऊन थांबलं होतं.

तिची आई बुरमाकान शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजायची. बाप तालाय मेंढपाळ. दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फाखालच्या नदीनं त्याला नेलं. घोडा तेवढा परतला, आणि त्याच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला रीतीप्रमाणे तोच कापला गेला. राहिलं फक्त खोगीर, गोठ्यात टांगलेलं.

आता खरी गंमत ऐका. शरद ऋतूत एजे बुरमाकानच्या घरी गेल्या तर जिपार कुठेच दिसेना. शोधता शोधता सापडली गोठ्यात. खोगिराखालचा नमदा, लोकर दाबून केलेला तो जाड तुकडा, तिनं ओढून काढला होता आणि त्यात तोंड खुपसून ती शांत, अगदी शांत बसली होती. गुणगुणत होती! एजेंनी हळूच वाकून त्या नमद्याचा वास घेतला. घोड्याचा घाम, धूर, तंबाखू, आणि एका माणसाचा वास.

एजेंना लगेच कळलं. पण चुलीशी उभ्या असलेल्या त्या पोरसवदा विधवेला काय सांगणार? की बाई, तुझी मुलगी तुझ्या कुशीत निवत नाही, मेलेल्या बापाच्या घामात निवते? एजेंची जीभ दरीत सगळ्यात तिखट, पण त्या दिवशी ती वळली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बुरमाकान, हा जुना नमदा शाळेत नेऊ का गं? खोलीतली फरशी फार गार आहे."

"ह्यो? अहो एजे, घाण मारतोय तो! चांगला देते ना."

"नको, हाच बरा."

आणि काय चमत्कार! नमदा खोलीत आला आणि जिपार खोलीत बसायला लागली. आधी नुसती बसायची. मग रंगीत खडे लावायला लागली. नव्या वर्षाच्या सुमारास तिनं पाण्याचं चित्र उचलून एजेंच्या हातात दिलं, तेव्हा पाणी आणायला एजे अशा धावल्या की पायातली एक चप्पल तिथेच राहिली. दाराचं चित्र आलं, पावाचं आलं. 'नको'चं मात्र कधी आलं नाही. पण चावणंही थांबलं होतं. नुसती दात-ओठ खायची, नमद्यात तोंड घालायची आणि पुन्हा वर बघायची.

"येईल," एजे रोज म्हणायच्या. "अगदी जवळ आलंय."

मंडळाचा दिवस वसंतात ठरला आणि गाव अंगात आल्यासारखं कामाला लागलं. पाहुणे येणार म्हणजे काय थट्टा आहे! ओमुरझाकनं मेंढा बांधला. बायका बोर्सोकचे कणकेचे गोळे तळायला बसल्या. पाहुण्यांना पुलावर पाव आणि साय घेऊन सामोरं जायचं ते शाळेतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईनं, ही तर पिढ्यांची रीत. ती वडीलधारी बाई म्हणजे एजे.

"मी खोलीत थांबते. दुसरं कुणी जाऊ दे," एजे म्हणाल्या.

ओमुरझाकचा चेहरा पडला. "एजे, तुम्ही नसाल तर ते म्हणतील, जिच्या शब्दावर वर्ष दिलं तिलाच आमची किंमत नाही. आधीच त्या डॉक्टरबाईंना गेल्या वर्षीचे दात आठवत असतील."

खरं होतं ते. पाहुण्यांना रुसवून पोरीचं भलं कसं होणार? एजेंनी बुरमाकानला बोलावलं. "हे बघ, तू तिच्याजवळ बस. काही हलवायचं नाही. पडदा नाही, खुर्ची नाही, चित्रं नाहीत. काही म्हणजे काही नाही."

"नाही हलवत, एजे. माझी शपथ."

पुलावर वारा होता. बेगाइम सातारोव्ना, मंडळाच्या प्रमुख, गाडीतून उतरल्या, पावाचा तुकडा सायीत बुडवला आणि हसल्या. बाई वाईट नव्हत्या. "यंदा मला घरी सगळी बोटं घेऊन जायचंय हं, कनिशाय एजे."

"दोन जास्तीच देऊन पाठवते," एजे म्हणाल्या. रस्ताभर त्यांना उगाचच हलकं वाटत होतं.

त्यांनी खोलीचं दार उघडलं.

पडदा जागेवर होता. खुर्ची जागेवर, चित्रं जागेवर. आणि फरशीवर एक कोराकरकरीत शिर्दक गालिचा, लाल आणि काळ्या नमद्यांचे तुकडे कापून, एकमेकांत बसवून, टाक्याला टाका लावून शिवलेला. मेंढ्याच्या शिंगांची अशी नक्षी की बघतच राहावं. बुरमाकान बाजूला उभी होती. केस विंचरलेले, डोक्याला नवा रुमाल, बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"सगळा हिवाळा शिवत होते, एजे," ती पुटपुटली. चेहरा नुसता उजळला होता तिचा. "तुम्हाला न सांगता. पाहुण्यांपुढं ते चिंधूक कसं ठेवायचं? माझी पोर काय टाकलेली आहे?"

"तो जुना कुठंय?"

"कुठं म्हणजे? धुतला की! साबणानं, गरम पाण्यात, ओढ्यावर आपटून. पाणी आधी चहासारखं निघत होतं, मग अगदी नितळ निघालं."

एजेंचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

जिपार शिर्दकच्या मधोमध उभी होती. ती वाकली, एक कोपरा हुंगला. दुसरा हुंगला. मग पडद्यामागे पाहिलं. खुर्चीखाली पाहिलं. गुडघ्यांवर बसून लाल-काळ्या नक्षीच्या खाली बोटं घालून पाहिलं.

"अगोबाई, काय शोधतेय आमची राजकन्या?" बेगाइम सातारोव्ना म्हणाल्या, आणि गावात कुठल्याही मुलाला कुणीही लावतं तसा त्यांनी तिच्या गालाला हात लावला.

"नका!" एजे ओरडल्या.

पण किंकाळी आधी आली. आणि मग दात.

बेगाइम सातारोव्नांनी हात रुमालात गुंडाळला. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. बाहेरच्या बाकावर एजेंच्या शेजारी बसल्या आणि मऊ आवाजात बोलल्या. एजेंनी सगळं सांगितलं. नमदा, तालाय, वास, पाण्याचं चित्र. श्वास न घेता सांगितलं.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "पण एका फडक्यावर उभं राहिलेलं मूल मी इथे कशी ठेवू? आज धुतलं गेलं, उद्या जळालं असतं. आणि तुम्ही? तुम्ही निवृत्त झालात की कोण?"

पोरगी शरद ऋतूत जाणार असं ठरलं. मेंढा तरी कापला गेलाच. पाहुण्यांना उपाशी कसं धाडायचं? कुणी फारसं जेवलं नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात एजेंनी बुरमाकानला ते सांगितलं, जे शरदातच सांगायला हवं होतं. बुरमाकान कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"त्याचा वास होता त्यात?"

"हो."

"मला वाटलं, घोड्याचा." तिनं कणकेत मूठ रुतवली. "मला कुणी सांगितलं असतं एजे, तर मीसुद्धा जाऊन बसले असते हो त्यात तोंड घालून."

एजेंनी तिला जवळ घेतलं. दोघींच्या अंगाला पीठ लागलं.

त्या उन्हाळ्यात गावानं एक वेगळंच दृश्य पाहिलं. तालाय गेल्यापासून घोड्याला हात न लावलेली बुरमाकान ओमुरझाकचा घोडा मागून घ्यायची, धुतलेला नमदा खोगिराखाली घालायची आणि घोडा टेकडीवर चौखूर पिटाळायची. वर, खाली, पुन्हा वर. घोडा फेसानं पांढरा होईपर्यंत. मग नमदा काढून चुलीच्या धुरावर धरायची, त्यात तंबाखूची पानं गुंडाळायची. पोरं आधी हसली. मग ओमुरझाकनं एकाचा कान असा पिळला की पुन्हा कुणी हसलं नाही. एजे खिडकीतून बघायच्या आणि पडदा ओढून घ्यायच्या.

जायच्या दिवशी संस्थेची पांढरी गाडी शाळेपुढे उभी राहिली. आवारात सगळी शाळा जमली. जिपारच्या कमरेला एजेंनी चित्रांची माळ बांधली, तिथल्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून. बुरमाकाननं घडी घातलेला नमदा पुढे केला.

"घे गं, बाळा. बघ तरी."

जिपारनं नमदा घेतला. त्यात तोंड घातलं. तिनं एक बाजू हुंगली, उलटवून दुसरी हुंगली. मग घडी पुन्हा नीट घातली, कोपऱ्याला कोपरा, एजेंनी शिकवली होती तशी, आणि नमदा आईच्या हातात परत दिला.

आणि तिची बोटं माळेवर गेली. पाणी सरकवलं, दार सरकवलं, पाव सरकवला. आडवा तळहात वर धरला.

नको.

वर्षभर ज्याची वाट पाहिली ते! न किंचाळता, न चावता. गणिताच्या सरांनी तोंडावर हात दाबला. "शाब्बास," एजे म्हणाल्या, कारण नियम नियमच. "बरं, नको तर नको." त्यांनी नमदा बुरमाकानच्या हातून घेऊन पाठीमागे लपवला.

आपलं ऐकलं जातंय, हे जिपारनं पाहिलं. ती गाडीकडे वळली. उघड्या दाराकडे पाहिलं, आत ठेवलेल्या आपल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग तेच चित्र तिनं पुन्हा उचललं आणि कनिशाय एजेंच्या डोळ्यांसमोर धरलं, हात ताणून, अगदी जवळ, त्यांना नीट दिसावं म्हणून.

आणि वाट पाहत उभी राहिली.