खाऱ्याची सवय

“कांद्याचं वन म्हणते ही पोरगी, पण कांदा तं एकही दिसून नाई राहिला!” होडीत बसता बसता पार्बताबाई म्हणाली आणि भातकुलीच्या बचतगटाच्या साऱ्या बाया खो खो हसल्या. कोकणातल्या त्या खाडीत पाहुण्यांना फिरवणारी पौर्णिमाही हसली. “कांदा नाही हो मावशी, कांदळवन. खाऱ्या पाण्यातलं रान.”

हसली नाही ती एकटी मनकर्णाबाई. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दोन बाटल्या. हिरव्या झाकणाच्या बाटलीत स्टँडवर घेतलेलं गोडं पाणी. लाल झाकणाच्या बाटलीत घरच्या हापशीचं. भातकुलीचा सारा भाग खारपाणपट्ट्यात. जमिनीखाली पाणी आहे, पण त्यात डाळ शिजत नाही की साबणाला फेस येत नाही. असलं पाणी कुणी दीड दिवस उराशी धरून कोकणात आणतं का? मनकर्णाबाईनं आणलं होतं. समोरच्या फळीवर बसलेल्या सुंदराबाईसाठी.

सुंदराबाई तिची थोरली जाऊ. जावाजावा उभा दावा म्हणतात ते असू द्या, पण यांचा दावा पाण्याचा होता. अकरा वर्षांपूर्वी गोड्या पाण्याचा नळ गल्लीत आला तो सुंदराबाईच्या अंगणात येऊन थांबला. त्याच साली मनकर्णाबाईच्या नवऱ्याच्या, नत्थुजींच्या, किडन्या बिघडल्या. खारं पाणी बंद करा, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं. एसटीनं कॅन आणून आणून किती दिवस पुरणार? मनकर्णाबाई कळशी घेऊन जावेच्या दारात गेली. एकच कळशी हो!

“आज तुले देल्लं तं उद्या सारा गाव येईन,” सुंदराबाई म्हणाली होती. “आन् तुमाले सवय आहे खाऱ्याची. काई होत नाई.”

दुसऱ्या दिवशी नळाला कुलूप लागलं. पावसाळ्याच्या तोंडाशी नत्थुजी गेले. आणि तेराव्याला डोळ्यांना पदर लावून हीच बाई सगळ्यांच्या पुढे!

होडी झाडांच्या बोळातून चालली होती. पौर्णिमानं निळा खंड्या दाखवला, चिखलावर टुणटुण उड्या मारणारी निवटी दाखवली. मासा जमिनीवर चालतो हे पाहून बायांनी तोंडाला पदर लावले. मग तिनं तिवराच्या झाडाचं पान तोडून दिलं. “चाटून बघा. हे झाड खारं पाणीच पितं, आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं.”

मनकर्णाबाईनंही पान चाटलं. जिभेवर मीठ आलं. तिला नत्थुजींचे सुजलेले पाय आठवले, बोट दाबलं की खड्डा पडायचा ते.

“माणसाले नाई जमत,” ती मोठ्यानं म्हणाली. सुंदराबाई दुसरीकडे पाहू लागली.

परतताना ओहोटीनं घात केला. पाणी उतरलं आणि होडी चिखलात बसली. “घाबरू नका, भरती लागली की निघू,” पौर्णिमा म्हणाली. पण डोक्यावर ऊन आणि अंगाला चिकचिक. तासाभरात मनकर्णाबाई सोडून साऱ्यांच्या बाटल्या संपल्या, पौर्णिमाचीसुद्धा.

“मनकर्णे,” सुंदराबाईचा घसा सुकला होता. “घोटभर पाणी दे वं. जीव जाऊन राहिला माहा.”

अकरा वर्षं मनकर्णाबाईनं हेच वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. तिनं लाल झाकणाची बाटली काढून दिली.

पहिल्या घोटालाच सुंदराबाईचं तोंड वाकडं झालं. “काय वं हे? खारं आहे!”

“आपल्या गावचंच आहे. प्या ना बाई,” मनकर्णाबाई म्हणाली. “सवय नाई म्हून लागते. काई होत नाई.”

गल्लीतली प्रत्येक बाई ते कुलूप ओळखून होती. आता ही थुंकणार, शिव्या देणार, सगळ्यांसमोर हिची शोभा होणार. मनकर्णाबाई तेवढ्यासाठीच डोळे लावून बसली होती.

सुंदराबाई थुंकली नाही. तिनं बाटली पुन्हा तोंडाला लावली आणि डोळे मिटून घटाघट तळापर्यंत रिकामी केली.

“नत्थूभाऊजी हेच पेत होते?”

“हेच.”

“चाबी माह्याच कमरेले होती,” सुंदराबाई खाली मान घालून म्हणाली. “आमचे हे तं देऊन टाक म्हणत होते. मीच नाई देल्ली.”

“मालूम आहे मले.”

मनकर्णाबाईचा नुसता संताप झाला. मेलीनं थुंकायलासुद्धा नाही म्हणावं! एवढ्या वर्षांचं उट्टं, तेही ही बाई गिळून बसली.

सुंदराबाईनं रिकामी बाटली पुढे केली. तिच्या ओठांना पापुद्रे आले होते. “दुसरं आहे काय वं, गोडं?”

“आहे,” मनकर्णाबाई म्हणाली आणि पिशवीचं तोंड आवळून घट्ट गाठ मारली. “पण त्याले कुलूप आहे.”

हळूहळू पाणी चढलं, होडी उचलली गेली आणि पौर्णिमानं वल्हं हातात घेतलं.

ती हिरव्या झाकणाची बाटली मनकर्णाबाईनं परतीच्या सगळ्या वाटेत स्वतःसाठीही उघडली नाही. भातकुलीला घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी ती नत्थुजींच्या फोटोपुढे गेली आणि त्याच पाण्यानं तांब्या काठोकाठ भरून ठेवला.