लंकाबाईचा नंबर

"ताई, दुसऱ्यासाठी अंगठा देऊ नका," मिरजगावच्या मोबाईल दुकानातला अजिनाथ आराधनाला म्हणाला होता. "सिम त्यांच्या पिशवीत राहील, पण नाव तुमचंच. उद्या काही झालं तर पोलीस तुमचं दार वाजवतील."

आराधनाने ते हसण्यावारी नेलं. शेजारी लंकाबाई उभी होती. पदराला बोटं पुसून मशीनवर दाबत होती आणि मशीन दरवेळी लाल होत होतं. तिचं अर्धं आयुष्य उसाच्या फडात गेलेलं, उरलेलं, बालवाडीत लागेपर्यंत, हायवेवरच्या ढाब्याची भांडी घासण्यात. बोटांवर रेष म्हणून राहिली नव्हती. रेशनच्या दुकानातही तिची हीच गत. "मावशी काय दरोडा घालणार आहेत का?" असं म्हणत आराधनाने स्वतःचा अंगठा टेकवला आणि मशीन हिरवं झालं. आपल्याकडे हे असंच चालतं. ज्याचा अंगठा उठतो त्याने तो द्यायचा. दारात कुणी पाणी मागितलं तर आपण नाही म्हणतो का?

तशी आराधना बेफिकीर बाई नव्हे, उलट भित्रीच. छोट्या नोहाला द्राक्ष द्यायचं तर चिरून द्यायची, टाकीचं झाकण बसलंय का ते पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. नवरा जोएल सुप्याला कंपनीत. तो यायचा रविवारी, चर्चच्या वेळेला. बाकीचे दिवस ती आणि लेकरू. गावातल्या बालवाडीत ती शिकवायची, आणि तिथे झाडलोट करणाऱ्या लंकाबाईच्या कडेवर नोहा दिसला की मगच तिचं चित्त धड्यात लागायचं. जिच्या हाती पोटचं पोर सोपवलं तिच्या हाती एक सिम द्यायला कसला आलाय विचार?

लंकाबाईला फोन हवा होता तो रुपालीसाठी. ही तिची एकुलती लेक ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरायची. आज या कारखान्यावर, महिन्याने दुसऱ्या. पत्ता असा नाहीच, स्वतःचा फोनही नाही. कधीतरी दुपारी फोन वाजायचा, "आये, जेवलीस का?" आणि बालवाडीच्या पायरीवर बसून लंकाबाई तो कानाला इतका दाबून धरायची की कान लालबुंद व्हायचा. दिवाळीनंतर तो फोन दिसेनासा झाला. आराधनाने विचारलं, तर म्हणाली, बिघडलाय. आराधनाला ते खरं वाटलं.

नाताळाच्या सुट्टीनंतर बालवाडी उघडली त्या दिवशी पोलीस शिपाई नोटीस घेऊन दारात. पारनेरकडच्या एका शिक्षिकेला आराधनाच्या नावावरच्या नंबरवरून घाणेरडे मेसेज गेले होते, जिवे मारण्याच्या धमक्या गेल्या होत्या. चौकशीला हजर राहावे. आराधना बी.ए. झालेली. नोटिशीतला शब्द न् शब्द तिला कळत होता, पण डोक्यात एकच घोळत होतं. मला आत टाकलं तर नोहाला कोण बघेल?

मुख्य बाईंनी गोड बोलून, सगळं निवळेपर्यंत घरीच थांबायला सांगितलं. चर्चमध्ये बायका तिच्यासाठी प्रार्थना करत होत्या, पण बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहत होती. जोएल फोनवर एवढंच म्हणाला, मला विचारायचं तरी होतंस, आणि पुढचं यंत्रांच्या आवाजात बुडालं. भाजी घ्यायला गेलं तरी बायका गप्प व्हायच्या. ती पुढे गेली की बोलणं पुन्हा सुरू. नोहाशिवाय दिवसभर तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, आणि नोहाला अजून 'आई' आणि 'काऊ' एवढंच येत होतं.

तालुक्याच्या ठाण्यात सुनील नावाचे हवालदार होते. माणूस भला. नोहा टेबलावरचा पेपरवेट तोंडात घालायला गेला, तर त्यांनीच तो हळूच बाजूला सरकवला. मग समजावून सांगू लागले, की नाव लपवून धमकी दिली तर शिक्षा वाढते, आपल्या नावाचं सिम दुसऱ्याला देणंही चुकीचंच, पण खरं सांगितलं आणि बोलावलं तेव्हा आलात तर आज अटकेचा प्रश्न नाही. आराधनाला त्यातला 'अटक' हा एकच शब्द ऐकू आला.

"बाई, नंबर वापरतं कोण?"

तिने नोहाला घट्ट धरलं. "लंकाबाई. आमच्या बालवाडीतल्या मावशी."

खोटं त्यात काही नव्हतं. तरी परतीच्या एसटीत तिला कोणाच्या तोंडाकडे बघवेना. उतरली ती थेट लंकाबाईच्या खोलीवर गेली. लंकाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. पोराला बघून पिठाच्या हातानेच पुढे आली.

"मावशी, फोन कुठंय?"

लंकाबाईचा चेहरा उतरला. "पडला गं पोरी. कर्जतच्या स्टँडावर. लई धुंडला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी वस्तू हुती. तुझ्या नावाची. कुठल्या तोंडानं सांगू?"

आराधनाने सगळं सांगितलं, उद्या पोलीस विचारायला येतील हेही. लंकाबाईने थापलेली भाकरी तशीच परातीत राहू दिली.

"मला धरून नेतील व्हय?"

इथे एक 'नाही' पुरला असता. हवालदारांनी समजावलेलं आराधनाने नीट ऐकलं असतं, तर तो तिच्या ओठांवरही आला असता. पण दिवसभराची भीती तिच्यात अजून थरथरत होती. "खरं ते सांगा," असं म्हणून ती नोहाला घेऊन निघाली.

सकाळी खोलीला कुलूप होतं.

पुढे महिनाभरात खरा माणूस सापडला. त्या शिक्षिकेवर डूख धरून बसलेला तिच्याच ओळखीचा एकजण. स्टँडवर कुणाला तरी सापडलेला फोन, नंबर आपल्या नावाचा नाही म्हणूनच, त्याने मुद्दाम विकत घेतला होता. फोन हरवल्याची तक्रार देऊन सिम बंद केलं असतं तर विषय तिथेच मिटला असता, असं हवालदार म्हणाले. आराधनाला समज देऊन सोडलं. लंकाबाईला साक्षीदार म्हणून थोडंसं विचारायचं होतं, बस्स.

आराधना पुन्हा बालवाडीत जाते. बाकावरच्या बायका परत सरकून तिच्याजवळ बसू लागल्या आहेत. जोएल रविवारी दोघांना मोटारसायकलवर बसवून उसाच्या टोळ्यांच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, पालथ्या घालतो. पण टोळ्या उठतात, दुसरीकडे जातात, आणि लंकाबाई बहुतेक त्यांच्याच मागे लेकीला शोधत फिरते आहे. पोलीस दिसला की वाट बदलत असेल. जिच्यावर कसलाही गुन्हा नाही ती बाई लपून जगते आहे, आणि हे तिला सांगायला तिच्याजवळ फोन नाही.

म्हणून आराधना कंडक्टरला सांगते, ट्रॅक्टरवाल्यांना सांगते, आता तुम्हालाही सांगते आहे. तुमच्या भागात कारखाना चालू असेल, तर एकदा कोप्यांकडे जाऊन या. उंच, किडकिडीत, हनुवटीवर गोंदण असलेली म्हातारी कुणाला रुपालीचं नाव विचारताना दिसली, तर तिच्याजवळ बसा. जेवलीस का ते विचारा. आणि सांगा, मावशी, तुम्हाला कुणी धरायला येत नाही, घरी चला.